मेमरी ट्रेनिंग चालू आहे की ओव्हरक्लॉक फसलंय?

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि स्क्रीन काळी ती काळीच. पंखे फिरतायत. मदरबोर्डवर ‘डीरॅम’ असं लिहिलेला पिवळा दिवा पेटलेला. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसर बसवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. याची कारणं दोन असू शकतात आणि पहिली काही मिनिटं ती बाहेरून सारखीच दिसतात: एक तर मेमरी ट्रेनिंग चालू आहे, म्हणजे काहीच बिघडलेलं नाही, नाहीतर ओव्हरक्लॉक, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणं, खरंच फसलंय.

‘मी कुठे ओव्हरक्लॉक केलं, नुसतं एक्स्पो तर चालू केलं’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण रायझन ७००० ला रॅमच्या वेगाची एएमडीची अधिकृत मर्यादा डीडीआर५-५२०० ची आहे (डीडीआर५ ही रॅमची पिढी, ५२०० हा तिचा वेग), ९००० ला ५६०० ची. डीडीआर५ चं मूळ व्होल्टेज १.१ व्होल्ट, ६००० चे बहुतेक रॅम किट १.३५ च्या आसपास मागतात. तेव्हा हे ओव्हरक्लॉकच. दुकानात मशीन जोडून देताना एक्स्पो बऱ्याचदा बंदच असतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं आणि गडबड घरी आल्यावर होते.

आधी ट्रेनिंग नेमकं काय ते बघू, कारण खरा घोळ तिथेच होतो. ६००० च्या वेगाला एक बिट साधारण १६७ पिकोसेकंद टिकतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा निर्वातात जेमतेम ५ सेंटीमीटर जातो, बोर्डाच्या तांब्यातून सिग्नल त्याहून कमी. साहजिकच प्रत्येक डेटालाइन नेमकी कुठल्या क्षणी आणि कुठल्या व्होल्टेजला वाचायची हे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला शोधून काढावं लागतं. तो ठरावीक नमुने रॅममध्ये लिहितो, परत वाचतो, विलंब किंचित सरकवतो, पुन्हा वाचतो. प्रत्येक लाइनसाठी हेच. हे होईपर्यंत ना डिस्प्ले येतो ना यूएसबी जागं होतं, त्यामुळे कॅप्सलॉक दाबून दिवा लागतो का ते बघण्यात काही अर्थ नाही. डीडीआर४ वर हे काम सहसा काही सेकंदांत उरकायचं. जुन्या सवयीने आपण तेवढीच वाट बघतो. २०२२ मध्ये एएम५ आलं तेव्हा असरॉकच्या काही बोर्डांच्या रॅमस्लॉटवर पहिल्या बूटला किती वेळ लागेल याचा तक्ता चिकटवलेला असायचा, आणि ३२ जीबी रॅमच्या चार कांड्यांपुढे त्यात ४०० सेकंद लिहिलेले होते. नंतरच्या बायोसनी हा वेळ कमी केला, पण दोन-पाच मिनिटं अजूनही लागू शकतात.

ओव्हरक्लॉक फसलं असेल तर बहुतेक बोर्ड गप्प बसून राहत नाहीत. मशीन थोडा वेळ चालू, मग आपोआप बंद, पुन्हा चालू, असं काही वेळा होतं आणि शेवटी बोर्ड मूळ सेटिंगवर येऊन ‘सेफ मोड’चा किंवा ओव्हरक्लॉकिंग फेल झाल्याचा संदेश दाखवतो. एखाद-दुसरा रीस्टार्ट ट्रेनिंगमध्येही होतो, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. बोर्डावर दोन अंकी कोड दाखवणारा डिस्प्ले असेल तर काम सोपं: कोड बदलत असतील तर ट्रेनिंग, एकच कोड पंधरा मिनिटं ठाण मांडून बसला असेल तर फसलंय. डिस्प्ले नसेल तर घड्याळ लावा आणि पंधरा मिनिटं पॉवर बटणाला हात लावू नका.

हे इतक्या निक्षून सांगायचं कारण म्हणजे घाईत केला जाणारा उपाय. अर्ध्या मिनिटात माणूस घाबरतो, वीज तोडतो, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढतो, सीमॉस क्लिअर करतो, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसतो. सीमॉस क्लिअर झालं की साठवलेलं ट्रेनिंगही जातं आणि पुढच्या बूटला सगळं पहिल्यापासून. स्क्रीन परत काळी, म्हणून परत सीमॉस क्लिअर. माझ्या मते ‘बोर्ड डेड आहे’ म्हणून परत जाणाऱ्या मशीनमधली काही तरी याच फेऱ्यात अडकलेली असतात. क्लिअर करायचंच तर एकदा, नीट: प्लग काढा, पॉवर बटण दाबून उरलीसुरली वीज उतरवा, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना जोडा, आणि मग पुन्हा पूर्ण वेळ द्या. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा, यानंतर ती मागितली जाऊ शकते.

सीपीयूचं ओव्हरक्लॉक किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) बिनसलं तर लक्षण सहसा वेगळं: स्क्रीन येते, आणि विंडोज लोड होताना किंवा मशीन निवांत असताना कोसळतं.

एक प्रकार मात्र दोन्हींच्या मधला आहे. मशीन पूर्ण बंद करून चालू केलं तर येतं, पण रीस्टार्टला अडकतं किंवा विंडोजमध्ये निळी स्क्रीन देतं. अशा वेळी मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हे सेटिंग बघा. ते चालू असलं की बोर्ड जुनं ट्रेनिंगच वापरतो, म्हणून बूट झटपट होतं. पण रॅम काठावर चालत असेल तर तेच जुनं ट्रेनिंग पुरत नाही. ते बंद केल्यावर त्रास गेला तर ६००० वरून ५६०० वर या. आणि स्लॉटमध्ये चार कांड्या असतील तर आधी दोन काढा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधल्या तेवढ्या ठेवा: चार कांड्यांना एएमडीची अधिकृत मर्यादा फक्त ३६०० ची आहे.