हेलिकोबॅक्टर पायलोरी : प्रादेशिक जनुकीय वैविध्य

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा माणसाच्या जठरात, अस्तरावरच्या चिकट थरात राहणारा मळसूत्री जिवाणू. त्याच्या जनुकांत प्रदेशागणिक आणि वंशागणिक आढळणारा फरक हा या नोंदीचा विषय. जठरदाह, जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अल्सर आणि थोड्या रुग्णांत जठराचा कर्करोग यांना हा जिवाणू कारण ठरतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला; २००५ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. तोवर अल्सरचे खापर तिखटावर आणि काळजीवर फुटत असे. मुंबईत ते अजूनही वडापाव आणि कटिंगवर फुटते.

लागण बहुधा लहानपणी, घरातच होते आणि औषधोपचार न केल्यास सहसा जन्मभर टिकते. त्यामुळे जिवाणूची वंशावळ माणसाच्या वंशावळीला धरून चालते. सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी तो माणसासोबत आफ्रिकेबाहेर पडला, असा जनुकीय अभ्यासाचा अंदाज आहे. लडाखमध्ये शेजारी राहणाऱ्या बौद्ध व मुस्लिम समाजांच्या जठरांतील वाण, म्हणजे याच जिवाणूचे उपप्रकार, वेगवेगळ्या घडणीचे निघाले. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या माणसाच्या पोटातला जिवाणू तर आजच्या युरोपीय वाणांपेक्षा दक्षिण आशियातील वाणांना जवळचा होता.

मुंबईचा असा वेगळा वाण मानणे म्हणूनच फसवे ठरते. परळच्या रुग्णालयात दुर्बिणीच्या तपासणीसाठी एकाच बाकावर रत्नागिरीचा, आझमगढचा आणि भूजचा माणूस बसलेला असतो. नमुन्याच्या बाटलीवर ‘मुंबई’ लिहिले, तरी ते फक्त तपासणीचे ठिकाण. ‘गाव कुठलं?’ हा इथला नेहमीचा प्रश्न जिवाणूलाही विचारावा लागतो. त्यातच एका पोटात दोन वाण आले, तर ते आपापसांत जनुकांचे तुकडे बदलून घेतात आणि माग काढणे आणखी अवघड होते.

रोगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे जनुक म्हणजे कॅग-ए. त्याचे प्रथिन सुईसारख्या यंत्रणेतून जठराच्या पेशीत टोचले जाते. जपान, कोरिया, चीन या पट्ट्यातील प्रकार पेशीतील प्रथिनाला अधिक घट्ट चिकटतो. भारतात प्रामुख्याने पाश्चात्त्य घडणीचा प्रकार आढळतो. भारतात लागण सर्रास, पण जठराचा कर्करोग त्या मानाने कमी. या कोड्याचे उत्तर एकट्या कॅग-ए मध्ये शोधू नये. मिझोराममध्ये हाच कर्करोग देशात सर्वाधिक दिसतो आणि तिथे धुरावलेले मांस, खारवलेले पदार्थ व तंबाखू यांकडेही बोट दाखवले जाते.

औषधांना दाद न देण्याची कथा निराळी. ती वंशापेक्षा वापराची आहे. जुलाब लागले की केमिस्टकडून मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक आणून घेण्याची सवय जुनी, आणि भारतातील अनेक वाण त्या औषधाला बधत नाहीत.

दुर्बिणीतून काढलेला जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जिवाणू युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि जेल गुलाबी होते. तो रंग जिवाणू आहे एवढेच सांगतो. वाण ओळखायला जनुकक्रमच वाचावा लागतो, आणि रोजच्या ओपीडीत तो सहसा कोणी वाचायला पाठवत नाही.