भिडस्तांचा काळप्रवास : ‘अबाउट टाइम’मागची ब्रिटिश विनोदपरंपरा

कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका ऐसपैस घरात ३१ डिसेंबरची मेजवानी रंगात आलेली आहे. बाराचे ठोके पडतात, जो तो शेजारच्याला जवळ ओढून त्याचे चुंबन घेतो, आणि टिम लेक हा लाल केसांचा किडकिडीत मुलगा मात्र आशेने आपल्याकडे पाहत असलेल्या मुलीशी हस्तांदोलन करतो. तिचा चेहरा उतरतो. दुसऱ्या दिवशी वडील त्याला बोलावून सांगतात की या घराण्यातल्या पुरुषांना भूतकाळात जाता येते. त्यासाठी अंधाऱ्या जागी उभे राहायचे, मुठी घट्ट आवळायच्या आणि स्वतःच्या आयुष्यातला हवा तो क्षण मनात आणायचा. वडील आपली फिरकी घेत आहेत अशी खात्री असलेला टिम कपाटात शिरतो आणि खरोखरच आदल्या रात्री जाऊन पोहोचतो. या अचाट शक्तीचा त्याने केलेला पहिला मोठा उपयोग म्हणजे ते फसलेले हस्तांदोलन टाळून त्या मुलीचे चुंबन घेणे.

रिचर्ड कर्टिस यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘अबाउट टाइम’ या चित्रपटाची (२०१३) सगळी गोडी या एका प्रसंगात दिसते. राज्ये उलथवणे, युद्धे थांबवणे किंवा भविष्याचा वेध घेणे यांपैकी काहीच येथे होत नाही; लोकांपुढे अवघडून जाण्याची वेळ आली, तर ती पुसून टाकण्यासाठी काळ मागे फिरवला जातो. इंग्रज मध्यमवर्गाच्या विनोदाचे मूळ याच अवघडलेपणात, आपल्याकडे ज्याला भिडस्तपणा म्हणतात त्यात आहे, आणि म्हणून काळप्रवासाची कल्पना त्या विनोदाशी इतक्या सहज जुळली असे मला वाटते. चित्रपट पाहताना ही जुळणी अगदी नवी वाटते. तिला प्रत्यक्षात पावणेदोनशे वर्षांची पूर्वपीठिका आहे.

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या कंजूष स्क्रूजपुढे त्याच्या मृत भागीदाराचे भूत साखळ्या खणखणवत येऊन उभे राहते, तेव्हा स्क्रूज त्याला सांगतो की तू म्हणजे माझ्या पोटात न पचलेला मांसाचा तुकडा असशील, आणि इंग्रजीत थडगे व रस्सा या दोन शब्दांत असलेल्या उच्चारसाम्यावर कोटीही करतो. भीतीने पाय लटपटत असताना केलेली ती कोटी आहे आणि डिकन्स तसे स्पष्ट लिहितो. पुढे हाच स्क्रूज आपल्या बालपणात नेला जातो. तेथील काहीही त्याला बदलता येत नाही, ते पाहून तो रडतो एवढेच. ‘अबाउट टाइम’मधले वडील आपली शक्ती मुख्यतः वाचनासाठी वेळ मिळावा म्हणून वापरतात आणि त्यांनी डिकन्स पुन्हा पुन्हा वाचलेला आहे, हा तपशील म्हणूनच मला फार बोलका वाटतो.

एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ने (१८९५) काळात नेणारे यंत्र वाचकांच्या परिचयाचे केले. ती कादंबरी गंभीर आहे, पण तिची चौकट जेवणाच्या टेबलाभोवतीच्या गप्पांची आहे. रिचमंडमधल्या घरी पाहुणे जेवायला बसलेले असतात, मानवजातीचा अंत पाहून आलेला प्रवासी धुळीने माखलेला, लंगडत दारात उभा राहतो, आणि आपली हकीकत सांगण्याआधी बजावतो, की माझ्यासाठी थोडे मटण राखून ठेवा. विश्वाएवढी घटना आणि ताटातले मटण यांना एकाच सुरात, खालच्या पट्टीत मांडण्याची ही रीत पुढच्या साऱ्या ब्रिटिश काळप्रवासकथांनी उचलली.

कुटुंब आणि काळ यांची सांगड घालण्याचे श्रेय नाटककार जे. बी. प्रीस्टली यांना द्यायला हवे. त्यांच्या ‘टाइम अँड द कॉन्वेज’ (१९३७) या नाटकाचा पहिला अंक १९१९ साली, के या मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत घडतो, दुसरा अंक १९३७ मध्ये त्याच कुटुंबाची झालेली पडझड दाखवतो, आणि तिसरा अंक प्रेक्षकांना पुन्हा त्याच वाढदिवसाच्या रात्री आणून सोडतो. आता तेच हसणे-खिदळणे पाहताना घशाशी आवंढा येतो, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे ते आपल्याला ठाऊक झालेले असते. टिमलाही वयाच्या एकविसाव्या वर्षीच हे गुपित कळते. कर्टिस यांच्या डोळ्यांपुढे प्रीस्टली होते असा माझा दावा नाही; घरगुती आनंदाकडे नंतरच्या दुःखाच्या काठावरून पाहण्याची दृष्टी मात्र दोघांचीही एकच आहे.

मायकल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांनी १९४६ साली ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा चित्रपट काढून प्रेमकथाही या प्रांतात आणली. त्याचा नायक जळत्या विमानातून रेडिओवर एका अनोळखी अमेरिकन मुलीशी बोलतो, हवाई छत्रीशिवाय उडी मारतो आणि तरीही वाचतो, कारण त्याला परलोकी नेण्यासाठी आलेल्या दूताला इंग्लंडच्या दाट धुक्यात तो सापडतच नाही. मृत्यूची चूक हवामानावर ढकलण्याची ही कल्पना खास इंग्रजी आहे. ‘अबाउट टाइम’मध्ये टिम आणि मेरीच्या लग्नात असाच पाऊस कोसळतो, मंडप उडतो, पाहुणे चिंब भिजतात, आणि लाल पोशाखातली नवरी हसत असते. काळ मागे नेऊन दुसरा, कोरडा दिवस निवडणे शक्य असूनही तो दिवस तसाच राहू दिला जातो.

युद्धानंतर ब्रिटिश विनोदाला जी तऱ्हेवाईक कलाटणी मिळाली, तिचा एक धागा महाराष्ट्रात येतो. ‘द गून शो’ या बीबीसीच्या नभोवाणी कार्यक्रमाचा (१९५१ ते १९६०) प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे झाला. त्याचे वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात होते आणि त्याच्या बालपणाचा काही काळ पुण्यात गेला. तर्काच्या चौकटी मोडणारा त्याचा विनोद पुढे ‘मॉन्टी पायथन’च्या मंडळींनी (१९६९ ते १९७४) दूरचित्रवाणीवर नेला. ससेक्समधल्या विंचेल्सी येथे मिलिगनच्या थडग्यावर आयरिश भाषेत ‘मी आजारी आहे असे मी तुम्हाला सांगितले होते’ या अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. मृत्यूसमोरही आवाज न चढवण्याचा याहून नेमका नमुना मला माहीत नाही.

या वातावरणात वाढलेल्या पिढीतले कर्टिस १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे जन्मले आणि ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची रोवन अ‍ॅटकिन्सन या विनोदी नटाशी गाठ पडली. दोघांनी मिळून आधी रंगमंचावर आणि मग १९७९ पासून ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’ या दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमात काम केले. त्यानंतर आलेल्या ‘ब्लॅकॅडर’ या मालिकेत (१९८३ ते १९८९) इतिहासाच्या चार कालखंडांतून एकाच घराण्याच्या वंशजांची फजिती दाखवली आहे. तिचा शेवटचा भाग पहिल्या महायुद्धाच्या खंदकात घडतो. अर्धा तास हसवून झाल्यावर सगळी पात्रे खंदकातून वर चढून गोळीबारात धावत जातात आणि रणभूमीच्या जागी पॉपीच्या रानटी लाल फुलांचे शेत दिसू लागते. कर्टिस आणि त्यांचे सहलेखक बेन एल्टन यांनी तेथे रडवण्यासाठी एकही भाषण लिहिले नाही; कॅप्टन ब्लॅकॅडर सहकाऱ्यांना शुभेच्छा देतो आणि शिट्टी वाजते.

भिडस्त नायक कर्टिस यांनी खऱ्या अर्थाने घडवला तो ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’मध्ये (१९९४). थेम्सच्या काठावर ह्यू ग्रँट प्रेमाची कबुली देताना इतका अडखळतो, इतक्या वेळा वाक्य मोडून पुन्हा सुरू करतो, की ते अडखळणे हीच कबुली ठरते. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण मानतात, पण या चित्रपटांत भिडेमुळे गमावलेले सारे काही अखेर त्याच भिडेच्या निरागसपणामुळे परत मिळते. काळप्रवासही कर्टिस यांना अनोळखी नव्हता. लंडनच्या मिलेनियम डोमसाठी केलेल्या ‘ब्लॅकॅडर : बॅक अँड फोर्थ’मध्ये (१९९९) त्यांनी एल्टन यांच्यासह काळयंत्राचे प्रहसन लिहिले होते. १९६३ पासून चालत आलेल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेसाठी २०१० साली त्यांनी जो भाग लिहिला, त्यात व्हिन्सेंट व्हॅन गॉगला आजच्या पॅरिसमधल्या संग्रहालयात आणले जाते आणि बिल नाय यांनी साकारलेला तेथील तज्ज्ञ त्याच्यादेखत त्याची थोरवी सांगतो. त्यानंतरही व्हॅन गॉगचा मृत्यू टळत नाही. त्याच्या आयुष्यात एका चांगल्या दिवसाची भर पडते, इतकेच.

तीन वर्षांनी त्याच बिल नाय यांना टिमचे वडील म्हणून घेताना कर्टिस यांनी हेच सूत्र घरात आणले. चित्रपटाचा पूर्वार्ध नियमांमधून विनोद काढतो. शार्लट या पाहुणीला टिम सुटीच्या शेवटच्या रात्री आपले मन सांगतो, तेव्हा ती म्हणते की आधी सांगायला हवे होते. तो काळ मागे नेऊन आधी सांगतो, तर ती म्हणते की शेवटच्या दिवशी विचार. पूर्ण अंधार असलेल्या लंडनच्या एका उपाहारगृहात तो मेरीशी तासभर बोलतो, बाहेर आल्यावर तिचा चेहरा प्रथमच पाहतो आणि तिचा फोन नंबर मिळवतो. पण त्याच संध्याकाळी आपटलेले एका नाटककाराचे नाटक सावरण्यासाठी तो पुन्हा मागे जातो, आणि मेरी भेटलीच नसल्यामुळे तो नंबरही नाहीसा होतो. काळ वाकवता येतो, समोरच्याचे मन वाकवता येत नाही, हे शार्लट त्याला शिकवते. आणि एक चूक निस्तरताना दुसरीकडची जमलेली गोष्ट हातची जाते, हे तो नंबर शिकवतो.

उत्तरार्धात तेच नियम काटेरी होतात. मूल जन्मल्यावर त्याच्या गर्भधारणेपूर्वीच्या काळात ढवळाढवळ केली तर परतल्यावर वेगळेच मूल हाती येते. बहिणीला वाचवायला गेलेला टिम घरी येतो तेव्हा पाळण्यात त्याच्या मुलीऐवजी एक मुलगा असतो, आणि केलेले सारे त्याला परत फिरवावे लागते. वडील कर्करोगाने गेल्यावरही टिम अधूनमधून मागे जाऊन त्यांना भेटत राहतो. तिसरे अपत्य हवे की नको हा प्रश्न येतो तेव्हा त्याचा अर्थ त्या भेटी कायमच्या बंद होणे असा असतो. शेवटच्या भेटीत बापलेक नेहमीप्रमाणे टेबल टेनिस खेळतात. खेळ संपता संपता मुलगा कशासाठी आला आहे हे वडिलांच्या ध्यानात येते. ते एकच मागणे मागतात, आणि दोघे मिळून मागे, टिमच्या लहानपणी जातात. कॉर्नवॉलच्या त्याच किनाऱ्यावर छोटा टिम आणि त्याचे तरुण वडील पाण्याच्या कडेने धावतात, दगड फेकतात, आणि काहीच न बदलता घराकडे परततात.