कॅरेक्टर कार्डाची डावातली किंमत

संग्राह्य पत्त्यांच्या खेळात पात्राचे एखादे कार्ड डेकमध्ये (आपल्या गड्डीत) घ्यावे का, किती प्रती घ्याव्यात आणि डावात ते केव्हा उतरवावे, याचा जो हिशेब खेळाडू मांडतो त्यातून त्या कार्डाची डावातली किंमत ठरते. दुकानातल्या किमतीशी तिचे नाते असते, पण लांबचे. पात्राला प्रत्येक खेळ आपापल्या नावाने हाक मारतो: मॅजिकमध्ये क्रीचर, यु-गि-ओमध्ये मॉन्स्टर, वन पीस आणि लॉर्काना या खेळांत सरळ कॅरेक्टर. ठाण्यातले खेळणारे मात्र ‘कार्ड भारी आहे’ एवढ्यावर काम भागवतात. भारी कशासाठी, केव्हा आणि कोणापुढे, हे सगळे त्या एका शब्दात कोंबलेले असते.

या खेळांची सुरुवात अमेरिकेत १९९३ साली, रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने झाली. जपानमध्ये १९९६ साली पोकेमॉनचा आणि १९९९ साली यु-गि-ओचा पत्त्यांचा खेळ आला. वन पीस २०२२चा, लॉर्काना २०२३चा. रमी किंवा झब्बूसारखा एकच कॅट सगळ्यांत वाटायचा, असे इथे नसते. प्रत्येकाने आपला डेक घरून बांधून आणायचा असतो, त्यामुळे अर्धा खेळ टेबलाशी बसण्याआधीच खेळून झालेला असतो. पोकेमॉनचा डेक बरोबर ६० कार्डांचा, आणि हल्ल्याचे इंधन असलेल्या साध्या एनर्जी कार्डांखेरीज एका नावाच्या जास्तीत जास्त ४ प्रती. एक आत घ्यायचे तर एक बाहेर काढावे लागते. म्हणून कार्ड चांगले आहे का, हा प्रश्न अपुरा पडतो. त्याच्या जागी दुसरे कोणते बसले असते, हे विचारावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा सुचतो, कारण पात्रांच्या पत्त्यांशी ओळख झाली ती ट्रम्प कार्डांतून. १९९० नंतर वाढलेल्या पिढीने मे महिन्याच्या दुपारी नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत बसून कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे खेळली. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. आपल्या कार्डावरचा सर्वांत मोठा आकडा ओरडायचा, रँक असेल तर सर्वांत लहान, आणि समोरच्याचा हलका निघाला की त्याचे कार्ड खिशात. तिथे किंमत कार्डावरच छापलेली असते आणि ते मांडायला काही मोजावे लागत नाही. ही सवय पुढे पोकेमॉन खेळतानाही सुटत नाही. नवा खेळाडू आधी एचपी (पोकेमॉन किती मारा सोसेल तो आकडा) वाचतो, मग हल्ल्याचा आकडा. त्या हल्ल्याला एनर्जी किती लागते ते शेवटी, तेही कोणी विचारले तर.

खरे म्हणजे छापील आकडा वेगळा आणि किंमत वेगळी, हे मेंढीकोट खेळणाऱ्या घरात सांगावे लागू नये. तिथे दश्शीला गुलामही मारतो, पण डाव जिंकायचा तो दश्श्या गोळा करून. त्यामुळे दश्शी हातात आली की आनंद आणि धाकधूक एकदमच होते. दशावतारी गंजिफा याच्या पुढे जाते. त्या १२० पानांच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि त्यांतल्या पाच रंगांत आकड्यांचा क्रम उलटा लागतो, एक्का दश्शीला भारी पडतो. दिवसा खेळताना उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, रात्री कृष्णाचा असेल त्याची. पान तेच, दिवेलागण झाली की मान दुसऱ्याला.

किमतीच्या हिशेबात खर्च आधी येतो. पोकेमॉनच्या पहिल्या संचातला चॅरिझार्ड घ्या. १२० एचपी, १०० चा हल्ला, डोळे दिपतील असे आकडे. पण तो चारमँडर, चारमिलिअन, मग चॅरिझार्ड अशा दोन पायऱ्या चढून येतो. हल्ल्याला ४ एनर्जी मागतो. हातातून एनर्जी जोडता येते फेरीला एक. आणि हल्ला झाला की त्यांतल्या २ टाकून द्याव्या लागतात. त्याच संचातला हिटमॉनचॅन जेमतेम ७० एचपीचा, पण थेट उतरतो आणि एका एनर्जीत २० मारायला लागतो. चॅरिझार्डची तयारी होईपर्यंत हिटमॉनचॅनचे निम्मे काम उरकलेले असते. सुरुवातीच्या काळात स्पर्धांत दबदबा होता तो हिटमॉनचॅन-इलेक्टाबझच्या ‘हेमेकर’ डेकचा. संग्राहक मात्र आजही चॅरिझार्डमागेच धावतात. यु-गि-ओचा ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन त्याच जातीचा. ३००० चा हल्ला खरा, पण साध्या मार्गाने उतरवायला मैदानातले दोन मॉन्स्टर बळी द्यावे लागतात. सुरुवातीच्या ५ कार्डांत तीनही ड्रॅगन आले तर दिसायला छान; काहीच उतरवता न येणाऱ्या अशा हाताला खेळाडू ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात.

उलटी चूकही होते. मॅजिकमधला २००७चा टार्मोगॉइफ दोन मॅनात (मॅना म्हणजे कार्ड उतरवायचा खर्च) उतरतो, पण त्याच्यावर ठरावीक आकडा छापलेलाच नाही: बाद झालेल्या कार्डांच्या ढिगांत जितके वेगवेगळे प्रकार, तितकी त्याची ताकद. रिकाम्या ढिगांपुढे तो शून्य. सुरुवातीला अनेकांनी त्याला किरकोळ समजून बाजूला ठेवले आणि पुढे तोच त्या खेळातल्या महागड्या क्रीचरांपैकी एक झाला. कारण चार फेऱ्या झाल्या की ते ढीग आपोआप भरतात, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

दुसरी बाजू कार्ड गेल्यावर काय उरते याची, आणि नवख्यांना सर्वांत उशिरा कळणारी हीच. घोडबंदर रस्त्यावरच्या एका कॅफेत रविवारी दुपारी झालेला डाव यासाठी उपयोगी पडेल. एका बाजूला नववीतला मुलगा, दुसरीकडे ऐरोलीहून आलेला, नोकरी करणारा दादा. मुलाच्या डेकमध्ये २०२३चा चॅरिझार्ड ईएक्स; ईएक्स म्हणजे पोकेमॉनचा जादा ताकदीचा प्रकार. ३३० एचपी, हल्ला १८०, शिवाय समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझ कार्डामागे (पोकेमॉन पाडल्यावर बक्षीस म्हणून उचलायचे कार्ड) आणखी ३०. मैदानात आला की डेकमधून ३ फायर एनर्जी शोधून आपल्या कोणत्याही पोकेमॉनांना वाटून देता येतात. पडला तर मात्र समोरच्याला एकदम २ प्राइझ मिळतात, आणि सहा प्राइझ घेणारा जिंकतो.

मुलाने दुसऱ्याच फेरीत रेअर कँडी हे मधली पायरी गाळू देणारे कार्ड वापरून चॅरिझार्ड उतरवला, तिन्ही एनर्जी त्याच्याच अंगावर लावल्या आणि समोरच्या ७० एचपीच्या पोकेमॉनवर १८० चा घाव घातला. एक प्राइझ मिळाले. दादाने कोल्ड कॉफीचा ग्लास मॅटपासून लांब सरकवला आणि तिसऱ्या एनर्जीवर बोट ठेवले.

‘ही इथे कशाला? हल्ल्याला दोनच लागतात.’

‘जास्त असली तर काय बिघडतं दादा?’

‘हा गेला की हीसुद्धा जाते. मागच्या चारमँडरला लावली असतीस तर तुझ्यापाशी राहिली असती.’

पुढच्या दोन फेऱ्यांत दादाच्या लहान पोकेमॉनांनी मिळून चॅरिझार्ड पाडला. तोवर चॅरिझार्डने एकूण २ प्राइझ घेतली होती आणि जाताना २ दिली. वरवर बरोबरी. पण मुलाच्या बाजूने एक चारमँडर, एक कँडी आणि ३ एनर्जी खर्ची पडल्या होत्या, दादाची दोन साधी कार्डे. शिवाय दादाचा सगळा डेक एकेका प्राइझच्या पोकेमॉनांचा असल्यामुळे चॅरिझार्डचा आकडा २४०, २७० असा कितीही चढला तरी एका घावाला एकच प्राइझ मिळणार होते. हेच कार्ड ईएक्सने भरलेल्या डेकपुढे सोने झाले असते.

मुलाच्या बाकावर, म्हणजे राखीव पोकेमॉनांच्या मागच्या रांगेत, त्या वेळी पिजॉट ईएक्स बसला होता. डावभर त्याने एकही हल्ला केला नाही. मात्र दर फेरीत एकदा डेकमधले हवे ते कार्ड शोधून हातात आणून दिले. मैदानात येऊन लढणाऱ्या कार्डाची किंमत त्याच्या घावावर मोजता येते. पिजॉटची मोजायची तर त्याला हटवायला समोरच्याला काय खर्चावे लागते हे पाहावे. बाकावरच्या पोकेमॉनला पुढे ओढणारे कार्ड, वर २८० एचपी संपवण्याइतका मारा, आणि तेवढा वेळ चॅरिझार्डकडे दुर्लक्ष. माझ्या मते त्या डेकमधले भारी कार्ड हेच, चॅरिझार्ड नव्हे. पण फॉइल चमकते चॅरिझार्डचेच, आणि स्लीव्ह (प्लॅस्टिकचे वेष्टण) आधी बदलली जाते तीही त्याचीच.

काही खेळांत कार्ड टेबलावर न येताही कमावते. वन पीसमध्ये बऱ्याच कॅरेक्टर कार्डांच्या कडेला १००० किंवा २००० असा काउंटर छापलेला असतो. समोरचा हल्ला करतो तेव्हा ते कार्ड हातातून टाकून आपला बचाव तेवढ्याने वाढवायचा. त्यामुळे मैदानात कुचकामी दिसणारे, पण २००० काउंटरचे कार्ड डेकमध्ये मानाने बसते. लॉर्कानात अनेक कार्डे पालथी घालून शाईचे साठे म्हणून, म्हणजे इतर कार्डांचा खर्च भागवायला, वापरता येतात. ज्यांच्यावर तशी मुभा देणारी खूण नसते ती हातात अडकली की डोकेदुखी. तिथे पात्राला मारामारी करावीच लागते असेही नाही. २० लोर (त्या खेळातले गुण) आधी जमवणारा जिंकतो, म्हणून दुबळे पण २ लोर आणणारे पात्र दांडग्या पात्रापेक्षा महाग पडू शकते.

प्रतींचा हिशेब रुक्ष पण सोपा. ६० कार्डांत ४ प्रती असतील तर पहिल्या ७ कार्डांत निदान एक दिसण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. ३ असतील तर ३१ टक्क्यांच्या थोडी वर. पोकेमॉनमध्ये सुरुवातीलाच ६ कार्डे प्राइझ म्हणून पालथी बाजूला जातात, त्यामुळे एकुलती एक प्रत ठेवली तर सरासरी दहा डावांत एकदा ती तिथेच अडकलेली सापडते. डावाच्या सुरुवातीला लागणाऱ्या कार्डाच्या चार प्रती आणि शेवटी लागणाऱ्याच्या कमी, ही रीत यातूनच आली.

राहिला प्रश्न समोर कोण बसणार याचा. खेळाडू याला मेटा म्हणतात. जगभरच्या स्पर्धांतला मेटा एक आणि ठाण्यातल्या टेबलावर आठवड्यामागून आठवडे तेच दहा-बारा चेहरे, वाशी-नेरूळकडून ट्रान्स-हार्बरने येणारे दोघे-तिघे, हा दुसरा. चॅरिझार्ड ईएक्सला ग्रास (गवत) प्रकारच्या पोकेमॉनचा घाव दुप्पट लागतो. त्या टेबलावर दोघांनी जरी ग्रास डेक आणले तरी त्यांच्यापुढे ३३० एचपीचे १६५ होतात, आणि मोठ्या स्पर्धेत जिंकलेला डेक जसाच्या तसा उतरवून आणणाऱ्याचे तोंड उतरते. शिवाय अधिकृत स्टँडर्ड प्रकारातून जुने संच ठरावीक काळाने बाद होतात, त्यामुळे आज काढलेली किंमत दोन-तीन वर्षांनी शून्यावर येऊ शकते.

बाजारभाव याहून वेगळ्याच गोष्टींवर चालतो: चित्र, फॉइल, दुर्मीळपणा, कोपरे किती शाबूत आहेत. एकाच कार्डाची साधी आणि सोनेरी आवृत्ती डावात तंतोतंत सारखी चालते, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ठाणे स्टेशनाजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत लटकणारी सोनेरी प्लॅस्टिकची नकली पोकेमॉन कार्डे यांपैकी कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. अधिकृत खेळात ती चालत नाहीत आणि त्यांच्यावर एचपी वाटेल तो छापलेला असतो. सोसायटीतली लहान मुले ती घेऊन जिन्यात बसतात, एकेक उलटतात आणि ज्याचा एचपी जास्त तो दोन्ही उचलतो.