कॅटलान भाषेच्या बोली

कॅटलान ही रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) कुळातील भाषा स्पेनमधील कॅटलोनिया, व्हॅलेन्सिया, बॅलेआरिक बेटे व आरागोनची पूर्व पट्टी, तसेच अँडोरा, फ्रान्समधील रुसियों आणि सार्डिनियातील अल्गेरो शहर येथे बोलली जाते. तिच्या बोलींचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट मानतात. भाषाअभ्यासक मानुएल मिला इ फोंतानाल्स यांनी 1861 मध्ये केलेली ही विभागणी आजही ग्राह्य आहे.

या विभागणीचा मुख्य आधार म्हणजे आघात नसलेल्या, म्हणजे बोलताना जोर न पडणाऱ्या स्वरांचा उच्चार. पश्चिमेकडे लेइदा व व्हॅलेन्सियात 'आ', 'ए', 'ओ' स्पष्ट ऐकू येतात. 'आई' या अर्थाचा शब्द तिथे 'मारे' असतो. पूर्वेकडे बार्सिलोनात शेवटचा 'ए' पुसट होऊन 'मारअ' होते. आघातहीन 'ओ'चा 'उ' होतो, म्हणून व्हॅलेन्सियातले 'पोर्तार' (नेणे) बार्सिलोनात 'पुर्ता' असे ऐकू येते. बॅलेआरिक बेटांपैकी मायोर्का पूर्व गटातले असूनही तिथे हा 'ओ' बहुधा टिकून आहे.

दोन गटांमधली सीमा प्रांतांच्या हद्दीवरून जात नाही, ही इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लेइदा कॅटलोनियात असले, तरी स्वरांच्या बाबतीत ते बार्सिलोनापेक्षा व्हॅलेन्सियाला जवळचे आहे आणि एब्रो नदीच्या मुखाकडील बोली लेइदा व व्हॅलेन्सिया यांच्या बोलींना जोडतात. व्हॅलेन्सियाच्या 1982 च्या स्वायत्तता कायद्यात भाषेचे नाव 'व्हॅलेन्सियन' असे आहे. ती कॅटलानहून वेगळी भाषा आहे का, हा वाद राजकारणात तापत राहिला. बोलींच्या अभ्यासात ती वेगळी असल्याला आधार नाही. व्हॅलेन्सियन भाषा अकादमीनेही 2005 मध्ये भाषा एकच असल्याचे मान्य केले.

क्रियापदांतही फरक आहेत. 'मी गातो' यासाठी बार्सिलोनात 'कान्तु', लेइदात 'कान्तो', व्हॅलेन्सियात 'कान्ते', मायोर्कात 'कान्त', तर रुसियोंत 'कान्ति' म्हणतात. बॅलेआरिक बेटांवरचे उपपद (इंग्रजी 'the'सारखा नामाआधीचा शब्द) तर लगेच ओळखू येते. इतरत्र लॅटिन 'इल्ले'पासून आलेली 'एल', 'ला' ही रूपे आहेत. बेटांवर रोजच्या बोलण्यात 'इप्से'पासूनची 'एस', 'सा' ही रूपे टिकली. 'कुत्रा' बार्सिलोनात 'एल गोस', मायोर्कात 'एस का'. व्हॅलेन्सियातील तार्बेना गावातही हे उपपद आढळते, कारण 1609 मध्ये मोरिस्कोंची (ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांची) हकालपट्टी झाल्यावर तिथे मायोर्काची माणसे येऊन वसली.

रुसियों 1659 च्या पिरेनीज तहाने फ्रान्सकडे गेले आणि तिथल्या बोलीवर फ्रेंचची छाप पडली. अल्गेरोत 1354 नंतर कॅटलान लोक वसवले गेले. तिथे दोन स्वरांमधल्या 'द'चा 'र' होतो, म्हणून 'कादिरा' (खुर्ची) 'कारिरा' होते.

व्याकरणकार पॉम्पेउ फाब्रा यांच्या पुढाकाराने 1913 मध्ये ठरलेले लेखननियम व्हॅलेन्सियाने 1932 च्या कास्तेयो नियमांद्वारे थोड्या फरकाने स्वीकारले. या लेखनात पश्चिमेचे स्पष्ट स्वर जपले आहेत, त्यामुळे 'मारे' सगळीकडे सारखेच लिहितात आणि जो तो आपल्या उच्चाराने वाचतो. 'कान्ते' आणि 'कान्त' ही रूपेही आपापल्या प्रदेशात प्रमाण लेखनात चालतात.