मनमाडमार्गे की सुरतमार्गे? घरातल्या दोन इंटरनेट लाइनींची गोष्ट

अमळनेरहून भाच्याचा फोन आला तो तक्रारीच्याच सुरात. "मामा, लाइनी दोन शेतस, मंग स्पीड डबल काबर नही?"

पोरगा घरून नोकरी करतो. मीटिंग मध्येच तुटते म्हणून त्याने दोन कंपन्यांचं फायबर घेतलं, दोन्ही शंभर एमबीपीएसचं, आणि दोन वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या लाइनी जोडायच्या दोन खाचा, असलेला राउटर आणला. स्पीड टेस्ट लावली की आकडा दोनशेच्या आसपास येतो. एखादी मोठी फाइल उतरवायला घेतली, की काटा शंभराच्या पुढे सरकत नाही.

त्याला मी रेल्वेच सांगितली. जळगावहून मुंबईला जायला दोन वाटा आहेत. एक चाळीसगाव-मनमाडवरून, दुसरी तुझ्याच अमळनेरवरून नंदुरबार करत सुरतेकडे. लग्नाला दहा पाहुणे निघाले तर पाच इकडून, पाच तिकडून पाठवता येतील. पण एकट्या माणसाचं धड मनमाडमार्गे आणि पाय सुरतमार्गे धाडता येत नाहीत. स्पीड टेस्ट एकाच वेळी बरीच कनेक्शनं उघडते, म्हणजे ते दहा पाहुणे. एका फाइलचं डाउनलोड बहुतेक वेळा एकटा प्रवासी असतो.

आत काय चालतं ते असं. इंटरनेटवरचं प्रत्येक कनेक्शन चार गोष्टींवरून ओळखलं जातं: पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, कनेक्शनला दिलेला क्रमांक). घरातल्या मोबाइलचा, लॅपटॉपचा पत्ता राउटर पुसतो आणि त्याजागी लाइनीचा पत्ता लिहितो. दोन लाइनी म्हणजे दोन पत्ते. एकाच कनेक्शनचे निम्मे तुकडे दुसऱ्या लाइनीने गेले, तर समोरच्या सर्व्हरला ते परक्याचे वाटतात आणि तो ते टाकून देतो. म्हणून राउटर प्रत्येक नव्या कनेक्शनला एक वाट नेमून देतो, ते संपेपर्यंत बदलत नाही. लोड बॅलन्सिंग म्हणतात ते एवढंच.

यातून एक गंमत होते. बँकेच्या साइटवर लॉगिन एका लाइनीने होतं, पुढचं पान दुसरीने मागवलं जातं, आणि पत्ता बदललेला पाहून काही बँका तुम्हाला बाहेर काढतात. त्यासाठी एका साइटकडे जाणारी सगळी कनेक्शनं एकाच लाइनीवर ठेवायची सेटिंग लागते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ती आहे का हे दुकानातच विचारा.

दोन लाइनी खरोखर जोडून एक करता येतात. मात्र पलीकडे तुकडे पुन्हा जुळवणारा कुणी तरी बसवावा लागतो, म्हणजे भाड्याचा सर्व्हर आणि महिन्याचा खर्च. एकच कनेक्शन अनेक वाटांनी नेणारी मल्टिपाथ टीसीपी नावाची पद्धत २०१३ साली प्रायोगिक मानक म्हणून आली, अ‍ॅपलने त्याच वर्षी आयओएस ७ मध्ये ती सिरीसाठी वापरली. पण तीही दोन्ही टोकांना ठाऊक असावी लागते. घरासाठी हा खटाटोप मला तरी पटत नाही.

मग दोन लाइनी घ्यायच्या कशाला? एक गेली तर दुसरीवर काम चालावं म्हणून. राउटर निवडताना खरा कस इथे लागतो: लाइन मेली हे त्याला कळतं कसं? काही स्वस्त राउटर फक्त पोर्टचा दिवा बघतात. आता विचार करा, कोपऱ्यावर जेसीबीने फायबर तोडलं. तुमच्या घरातला फायबरचा डबा विजेवर चालूच आहे, त्यातून राउटरला आलेली हातभर केबल शाबूत आहे, दिवा हिरवा आहे. राउटर समजतो सगळं आलबेल. म्हणून त्याने प्रत्येक लाइनीने दर काही सेकंदांनी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ अशा बाहेरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटी हाक मारून, उत्तर येतं का ते बघायला हवं, आणि शक्यतो दोन पत्त्यांना. दर पाच सेकंदांनी विचारलं आणि तीनदा उत्तर नाही आलं तर लाइन बदल, एवढं पुरतं. फार घाई ठेवली तर जरा अडखळलं की राउटर इकडून तिकडे उड्या मारतो. जुना राउटर पडून असेल आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली चढत असेल, तर एमवॅन३ नावाचं पॅकेज हेच काम फुकटात करतं.

मी स्वतः एकदा फसलो आहे. दोन कंपन्या घेतल्या, दोघांच्या केबली गल्लीतल्या एकाच खांबावरून आल्या होत्या. वादळात खांब कलला, दोन्ही गेल्या. तेव्हापासून मी दुसरी लाइन वेगळ्या जातीची सांगतो, म्हणजे सिमची. त्यासाठी राउटरला डोंगलचा यूएसबी पोर्ट किंवा सिमची खाच हवी. सिमवर घरातला कॅमेरा बाहेरून थेट उघडेलच असं नाही, कारण मोबाइल कंपन्या बहुधा एकच पत्ता अनेकांत वाटतात.

राउटरचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचे, आहेत ना, एवढं पाहून घ्या. शंभराच्या पोर्टला तीनशेचा प्लॅन लावून काय उपयोग?

आपल्याकडचा वेगळा मुद्दा मे महिन्याचा. बऱ्याच घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळात सावलीतच ४५ होतं, पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. आतले कपॅसिटर दर दहा अंशांना साधारण निम्म्या आयुष्याचे होतात, असा ढोबळ हिशेब इलेक्ट्रॉनिक्सवाले धरतात. ५० अंशांपर्यंतचा राउटर घ्या आणि तो खालच्या खोलीत, भिंतीला मोकळा टांगा. लाइट गेल्यावर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालले पाहिजेत, तेव्हा छोटा यूपीएस घेताना दोघांचे व्होल्ट-अँपिअर वाचून घ्या.

भाच्याने दुसरं फायबर बंद करून डोंगल लावलं. चाचणी म्हणून तो राउटरची केबल उपटणार होता. मी म्हटलं, ती नको, डब्यातली फायबरची पिन काढ, दिवा हिरवा राहू दे. व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला. वीसेक सेकंद गेले. कॉल परत जुळला.

"मामा, दिखस का मी?"