बॅटरी चार्जिंगसाठी पॉवर सप्लाय

बॅटरी चार्ज करणाऱ्या पॉवर सप्लायची निवड बॅटरीवर छापलेल्या व्होल्टेजवरून करता येत नाही. ‘१२ व्होल्ट’ची सहा सेलांची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून स्थिरावली की सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. भरताना मात्र तिला १४.४ व्होल्टपर्यंत न्यावे लागते. एलईडी पट्ट्यांसाठीच्या १२ व्होल्टच्या एसएमपीएसचा (स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय) व्होल्टेज वाढवण्याचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी तो बहुधा १३.२ च्या आसपास थांबतो. त्यावर बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर सल्फेट धरते.

व्होल्टेजपेक्षा करंटकडे अधिक दुर्लक्ष होते. उतरलेली बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. साधा एसएमपीएस मग ओव्हरलोडमुळे बंद पडतो, लगेच सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. टिकटिक ऐकू येते, बॅटरी भरत नाही. त्यामुळे बंद न पडता करंट मर्यादेत धरून ठेवणारा, म्हणजे सीसी-सीव्ही (आधी करंट स्थिर, मग व्होल्टेज स्थिर) प्रकारचा सप्लाय हवा. मर्यादा साधारण क्षमतेच्या एक दशांश ठेवतात. इन्व्हर्टरच्या १५० ॲम्पिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीला १५ ॲम्पिअर, म्हणजे १४.४ × १५ = २१६ वॅट. हा भार तासन्‌तास सलग असतो, म्हणून ३०० वॅटचा सप्लाय घ्यावा.

बॅटरी जोडण्याआधीच मीटर लावून १४.४ व्होल्ट ठरवावे. करंट ३ ॲम्पिअरच्या आसपास उतरला की १३.६ व्होल्टवर आणावे. हे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. पुढे दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी करावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात, ४० अंशांना, १४.४ चे १४.१ होतात. हे न केल्यास पाणी भराभर आटते. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. खोली हवेशीर हवी.

वीज गेली की बॅटरीचा करंट उलटा सप्लायमध्ये शिरू शकतो. ते अडवण्यासाठी सिरीजमध्ये शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवतात. त्यात साधारण अर्धा व्होल्ट खर्च होतो. तेव्हा व्होल्टेज चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलांवरच मोजावे. पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ २० ॲम्पिअरचा फ्यूज हवाच. वायर बारीक असेल तर तीही व्होल्टेज खाते: सप्लायपासून २ मीटरवरच्या बॅटरीला २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १५ ॲम्पिअरला सुमारे ०.४५ व्होल्ट जातात. करंट उतरला की ही घटही उतरते, त्यामुळे नुकसान एवढेच की चार्जिंग रेंगाळते.

लिथियमला हे आकडे लावू नयेत. चार सेलांच्या लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.४ ते १४.६ व्होल्ट चालतात, पण करंट क्षमतेच्या एक विसांशावर आला की चार्जिंग थांबवावे. तीन सेलांच्या लिथियम-आयन पॅकची मर्यादा १२.६ व्होल्ट आहे. त्याला १४.४ दिले तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात आणि आगीचा धोका उद्भवतो; बीएमएस (पॅकमधले संरक्षक सर्किट) ही शेवटची अडवणूक आहे, चार्जर नव्हे.