१९६८ चे कोल्ट्स हरले, पण नेमकं काय हरले?

'१९६८ चे बॉल्टिमोर कोल्ट्स म्हणजे एनएफएलच्या इतिहासातले सगळ्यात तगडे उपविजेते.' अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगबद्दलचं हे वाक्य या ना त्या रूपात सारखं समोर येतं आणि दर वेळी डोकं फिरतं. कोल्ट्स त्या मोसमात एनएफएलचे उपविजेते नव्हतेच, विजेते होते. लीगच्या अधिकृत नोंदीत १९६८ च्या विजेत्यांच्या जागी त्यांचंच नाव आहे. त्यानंतरचा सुपर बोल हा सामना मात्र ते हरले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि घोळ नेमका इथेच होतो.

सुपर बोलची गोष्ट बहुतेकांना पाठ असते, म्हणून थोडक्यात. १२ जानेवारी १९६९, मायामीचं ऑरेंज बोल मैदान, न्यूयॉर्क जेट्स १६, कोल्ट्स ७. सट्टेवाल्यांनी कोल्ट्सना १८ गुणांनी वरचढ धरलं होतं. जेट्सच्या जो नेमथनं सामन्याच्या तीन दिवस आधी विजयाची गॅरंटी दिली आणि ती खरी केली. पहिला हाफ संपता संपता गोललाइनजवळ कोल्ट्सचा जिमी ऑर एकटाच मोकळा उभा राहून हात हलवत होता. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, अर्ल मॉरल याला तो दिसलाच नाही. त्यानं चेंडू मधोमध जेरी हिलकडे फेकला आणि जेट्सच्या जिम हडसननं तो मधेच पकडला. त्या दिवसाचं दुखणं एवढ्या एका फेकीत कळतं.

आता त्याच्या दोन आठवडे आधीचा सामना बघा. २९ डिसेंबर १९६८, क्लीव्हलँड. कोल्ट्स ३४, यजमान ब्राउन्स ०. कोल्ट्सच्या टॉम मॅटीचे तीन टचडाउन, म्हणजे तीनदा चेंडू गोललाइनपार. हा सामना काय होता?

आजचा प्रेक्षक सहज म्हणतो, सेमीफायनल. जिंकणारा सुपर बोलला जातो म्हणजे सेमीफायनलच की! आजच्या एनएफएलपुरतं ते बरोबरही आहे. आज लीग एक आहे, तिचे एएफसी आणि एनएफसी असे दोन भाग आहेत, आणि दोन्ही भागांचे विजेते सुपर बोलमध्ये भिडतात. त्यामुळे आजच्या 'कॉन्फरन्स चॅम्पियनशिप'च्या नावात चॅम्पियनशिप असली, तरी तो उपांत्य सामनाच असतो.

१९६८ मध्ये ही रचनाच नव्हती. तेव्हा दोन स्वतंत्र लीग होत्या. एनएफएल १९२० पासूनची, १६ संघांची. एएफएल १९६० मध्ये सुरू झालेली, तोवर १० संघांवर पोचलेली. दोघींची वेळापत्रकं वेगळी, खेळायचा चेंडू वेगळा, नियमांतही फरक. टचडाउननंतर दोन गुणांसाठी प्रयत्न करायची मुभा एएफएलमध्ये होती, एनएफएलमध्ये नव्हती. नियमित मोसमात एका लीगचा संघ दुसऱ्या लीगच्या संघाशी खेळतच नसे. जून १९६६ मध्ये विलीनीकरणाचा करार झाला, पण प्रत्यक्ष एकत्र लीग सुरू झाली ती १९७० च्या मोसमापासून. मधल्या चार मोसमांत, म्हणजे १९६६ ते १९६९ या काळात, प्रत्येक लीग आपापला मोसम खेळायची, आपापली फायनल घ्यायची, आपापला विजेता जाहीर करायची. त्यानंतर ते दोन विजेते आणखी एक सामना खेळायचे. तो सुपर बोल.

म्हणजे ३४-० हा सामना एनएफएलची फायनल होता. सेमीफायनलच हवी असेल तर ती एक आठवडा आधी, २२ डिसेंबरला झाली. त्यात कोल्ट्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जना २४-१४ असं हरवून वेस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एनएफएलचा तेव्हाचा अर्धा भाग, जिंकली. आजच्या कॉन्फरन्स चॅम्पियनशिपच्या जागी खरं तर तो सामना ठेवायला हवा, आणि नेमका तोच कुणाला आठवत नाही.

बॉल्टिमोरकरांसाठी क्लीव्हलँडचा दिवस काय होता, तेही लक्षात घ्या. १९६४ च्या एनएफएल फायनलमध्ये याच मैदानावर ब्राउन्सनी प्रशिक्षक डॉन शुलांच्या कोल्ट्सना २७-० असं धुतलं होतं. १९६८ च्या १३-१ अशा मोसमातला एकुलता एक पराभवही ब्राउन्सकडूनच, ऑक्टोबरमध्ये, तोही घरच्या मैदानावर. मुख्य क्वार्टरबॅक जॉनी युनायटसचं कोपर मोसमाआधीच दुखावल्यामुळे मॉरलनं संघ इथवर आणला होता आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. एवढा सगळा हिशोब चुकता करणाऱ्या विजयाला सेमीफायनल म्हणणं हा शुद्ध आळशीपणा आहे.

आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये बघायचं तर रणजी विजेता इराणी करंडकात शेष भारताकडून हरला, म्हणून त्याची रणजी कुणी काढून घेत नाही. फरक एवढाच की इथे नंतरचा सामना वाढत वाढत लीगच्या विजेतेपदालाच गिळून बसला. म्हणूनच आज मागे वळून बघताना सगळे उलट्या टोकानं मोजतात.

पण दुसऱ्या बाजूचा हट्टही मला मान्य नाही. 'तेव्हा सुपर बोल म्हणजे नुसता प्रदर्शनी सामना होता' असं म्हणणारेही भेटतात. जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला १५ हजार डॉलर आणि हरणाऱ्याला साडेसात हजार, हा प्रदर्शनी सामन्याचा भाव नाही. शिवाय पहिले दोन सुपर बोल ग्रीन बे पॅकर्सनी आरामात जिंकल्यामुळे एएफएल दुय्यम आहे अशी जी समजूत झाली होती, ती जेट्सनी त्या दुपारी मोडली. कोल्ट्सचा पराभव खराच होता, मोठाही होता. फक्त तो एनएफएलमधला पराभव नव्हता.

सालाचा गोंधळ किरकोळ आहे, एका ओळीत संपवतो. मोसम शरद ऋतूत सुरू होतो, साल त्याचं धरतात, जानेवारीतला सामना त्याच मोसमाचा. '१९६९ चे कोल्ट्स जेट्सकडून हरले' असं लिहू नका.

याच कोल्ट्सचा १९७० चा मोसम शेजारी ठेवला की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तोवर लीग एक झाली होती, कोल्ट्स एएफसीत गेले होते, शुला मायामीच्या संघाकडे. जानेवारी १९७१ मध्ये कोल्ट्सनी ओकलंड रेडर्सना २७-१७ हरवलं. ही मात्र खरोखरची सेमीफायनल, कारण लीगचं विजेतेपद अजून बाकी होतं. ते मिळालं दोन आठवड्यांनी, डॅलस काउबॉइजविरुद्ध १६-१३ अशा विजयानं, त्याच ऑरेंज बोलवर. मैदान तेच, जिंकणाऱ्याचे गुणही पुन्हा १६. या वेळी युनायटस जखमी होऊन बाहेर गेला आणि मॉरल आत आला. दोन वर्षांपूर्वीच्या सुपर बोलमध्ये मॉरलच्या जागी युनायटस आला होता, म्हणजे बरोबर उलट. त्यामुळे हे दोन सामने एकमेकांत मिसळून सांगणारेही कमी नाहीत.

जुने निकाल एका तक्त्यात मांडायचे असतील तर १९६६ ते १९६९ साठी दोन वेगळे रकाने करा: लीगचा विजेता आणि सुपर बोलचा विजेता. मग 'व्हायकिंग्जनी कधीच काही जिंकलं नाही' हेही आपोआप खोडलं जाईल. १९६९ च्या मोसमात ब्राउन्सना २७-७ हरवून एनएफएलचं विजेतेपद त्यांनीच मिळवलं, आणि मग सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडून ७-२३ असे हरले. मात्र दोन रकाने केले म्हणून पॅकर्सची १९६६ आणि १९६७ ची विजेतेपदं दोन-दोनदा मोजू नका. खुद्द पॅकर्सही आपल्या १३ विजेतेपदांत ती एकेकदाच धरतात.